घरच्या घरी संगीत: पेटी वाजवणाऱ्याने मिडी कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर कुठून सुरू करावं?

पेटीवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवतो. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाला साथ करतो आणि अलीकडे अभंगांना स्वतःच्या चाली लावायला लागलोय. चाल सुचली की मोबाइलवर गुणगुणून ठेवतो आणि ती तिथेच पडून राहते. आता वाटतं की तिच्यामागे तानपुरा, पखवाज, टाळ, एखादी बासरी, थोडं व्हायोलिन अशी नीट बांधणी करावी आणि आषाढीच्या आत निदान एक अभंग पूर्ण करून मंडळाला ऐकवावा.

घरात विंडोजचा लॅपटॉप आहे, 8 जीबी रॅमचा. खर्चाची तयारी वीस-पंचवीस हजारांची. दुकानदाराला विचारलं तर तो एकदम मोठी यादीच सांगतो. आधी मिडी कीबोर्ड घ्यावा की माइक? 25 पट्ट्यांचा की 61चा? सॉफ्टवेअर कोणतं, फुकटचं चालेल का? आणि मुळात पेटीवर बसलेला हात या कीबोर्डवर चालतो का? ज्यांनी हे घरात, म्हणजे मुंबईतल्या घराएवढ्या जागेत केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

लोकलप्रवासी

वाचतोय. अगदी हेच विचारायचं मनात होतं. फक्त माझं वाद्य गिटार.

रात्रपाळी

अंधेरीत ध्वनिमुद्रणाचंच काम करतो, त्यामुळे जरा मुळापासून लिहितो. मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. अनेक जण तो घरी आणतात, यूएसबीने जोडतात, पट्टी दाबतात आणि काहीच वाजत नाही म्हणून दुकानात परत घेऊन जातात. तुम्ही पट्टी दाबलीत की कीबोर्ड लॅपटॉपला एवढंच कळवतो: अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक जोराने दाबली, आता सोडली. मध्य सप्तकाच्या पांढरी एकचा क्रमांक साधारणपणे 60. जोर 1 ते 127 मध्ये मोजला जातो. एका तारेवर 16 चॅनल, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांसाठी 16 स्वतंत्र वाटा. आवाज काढायचं काम लॅपटॉपमधल्या वाद्याचं. म्हणजे मिडी ही नोटेशनची वही आहे, तीच वही सतारीपुढे ठेवा नाहीतर बासरीपुढे.

यातला मोठा फायदा चाल बांधणाऱ्यालाच होतो. रेकॉर्ड झाल्यावर एखादा स्वर चुकला तर तेवढाच उचलून जागेवर ठेवता येतो, लय कमी-जास्त करता येते, बासरीऐवजी व्हायोलिन लावून बघता येतं. ध्वनिमुद्रित आवाजात हे इतक्या सहज होत नाही.

आणि ही भाषा कंपन्यांनी आपापसांत ठरवून केलेली आहे. 1983च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका तारेने जोडून दाखवले. एका कंपनीचं वाद्य वाजवलं तर दुसऱ्या कंपनीचं वाजू लागलं. त्यामागचे दोघे, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. म्हणून आज कोणताही कीबोर्ड घ्या, कोणत्याही सॉफ्टवेअरशी बोलतो. कंपनीच्या नावावरून झोप उडवून घेऊ नका.

गच्चीवरचा_स्टुडिओ

सगळं बरोबर, पण पट्ट्यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: 25. आकाई एमपीके मिनी, आर्टुरिया मिनीलॅब, नोव्हेशन लाँचकी मिनी यांपैकी कुठलाही. मांडीवर बसतो, पिशवीत जातो, वर बोटांनी ठोकायचे पॅड आणि फिरवायचे नॉब मिळतात. वन बीएचकेमध्ये 61 पट्ट्यांचा कीबोर्ड कुठे ठेवणार? पलंगाखाली जातो आणि मग बाहेर निघत नाही. सप्तक बदलायला बटण असतंच.

सप्तक

गच्चीवरचा_स्टुडिओ, तुम्ही तयार तुकड्यांचे ठोकळे रचून संगीत करत असाल तर 25 पुरतात. पण धागाकर्ते पेटी वाजवतात. पार्ल्यात मी शिकवते, रोज विद्यार्थ्यांचे हात बघते. साडेतीन सप्तकांच्या पेटीला 42 पट्ट्या असतात. मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत एका श्वासात जायची ज्याला सवय आहे, त्याने दोन सप्तकांच्या कीबोर्डवर मध्येच बटण दाबून सप्तक बदलायचं? तान तिथेच तुटणार. शिवाय मिनी कीबोर्डच्या पट्ट्या अरुंद असतात. पेटीवर बसलेली बोटं तिथे दोन पट्ट्या एकदम दाबतात.

49 घ्या. चार सप्तकं. एम-ऑडिओची कीस्टेशन, नेक्टारची इम्पॅक्ट, नोव्हेशनची लाँचकी, तिन्हींत 49 मिळतो. जागा म्हणाल तर पेटी जिथे ठेवता तिथेच, तिच्यापेक्षा वजनाने हलकाच असतो. मात्र दुकानात प्रत्यक्ष पट्टी दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका. धोबी तलावाला 1865 पासूनचं फुर्टाडोज आहे. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. अर्धा तास उभं राहून आपले रोजचे अलंकार-पलटे वाजवून बघा. हात अडखळला की कळतंच.

गच्चीवरचा_स्टुडिओ

सप्तक ताई, पेटीवाल्यांच्या बाबतीत मान्य. पण पॅडवर मी ठाम आहे. तालवाद्य वाजवायचं तर पट्टीवर वाजवण्यापेक्षा पॅडवर बोटांना जास्त सुख आहे. 49वाल्या ज्या कीबोर्डला पॅड आहेत तो बघावा.

पेटीवाला_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. मित्राकडे त्याच्या मुलाचा मिडी कीबोर्ड आज वाजवून आलो. एक अडचण लगेच जाणवली. पेटीत स्वर लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. पट्टी हळू दाबा की जोरात, फरक पडत नाही. इथे मात्र प्रत्येक स्वर वेगळ्याच जोराने येतोय, एक ओरडतो, दुसरा ऐकूच येत नाही. आणि डावा हात नुसता बसून राहतो. त्याला काही काम द्यायचा मार्ग आहे का?

रात्रपाळी

फार चांगला प्रश्न. पियानोवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही, म्हणून इंटरनेटवरच्या शिकवण्यांमध्ये त्याचं उत्तर सापडत नाही.

आधी जोराचं बघू. जवळजवळ प्रत्येक कीबोर्डमध्ये वेलॉसिटी कर्व्ह नावाची सोय असते. त्यात ‘फिक्स्ड’ निवडा. मग पट्टी कशीही दाबली तरी एकच आकडा जाईल, समजा 100. पेटीचा हात लगेच सरळ वाटायला लागेल. पखवाज किंवा तबला वाजवताना मात्र ते परत बदलायचं, तिथे जोर हवाच.

आता डावा हात. कीबोर्डच्या डाव्या टोकाला दोन चाकं असतात. एक पिच बेंडचं, सोडलं की मधे परत येतं. दुसरं मॉड्युलेशनचं, ठेवलं तिथे राहतं. हे दुसरं चाक कंट्रोल क्रमांक 1 पाठवतं. ते बदलून 11 करा, त्याला एक्स्प्रेशन म्हणतात. बहुतेक बासरी, व्हायोलिन, सारंगीच्या आवाजांत 11 म्हणजे चालू स्वराचा लहान-मोठेपणा. उजव्या हाताने स्वर धरून ठेवायचा आणि डाव्या हाताने चाक हळू पुढे-मागे. तुमचा डावा हात आयुष्यभर हेच करत आलाय. पियानो शिकून आलेल्या माणसाला जे महिनोन् महिने जमत नाही ते पेटीवाला पहिल्या बैठकीत करतो, हे मी स्टुडिओत डोळ्यांनी बघितलंय. स्वर लावताना चाक तळाशी, मग श्वासाबरोबर वर, आणि ओळ संपता संपता खाली. तेवढ्यावर कृत्रिम बासरीसुद्धा गाऊ लागते.

सप्तक

रात्रपाळी, हे माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच सांगते. मनापासून धन्यवाद.

कॉलेज_कट्टा

सॉफ्टवेअरचं कोणी बोललंच नाही! एफएल स्टुडिओ घ्या, डोळे झाकून. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. पियानो रोल (वाजवलेले स्वर पडद्यावर दाखवणारा तक्ता) त्याच्याइतका सुटसुटीत दुसऱ्या कुणाचा नाही. आमच्या ग्रुपमधले सगळे तेच वापरतात.

रात्रपाळी

एफएल उत्तम आहे, पण धागाकर्त्यांना आधी फुकट बघायचंय. त्याच्या चाचणी आवृत्तीत काम सेव्ह होतं, पण बंद करून पुन्हा उघडता येत नाही. शिकणाऱ्याला ते जाचक होतं. मी रीपर सुचवेन. 60 दिवस पूर्ण चालतं, काहीही बंद केलेलं नसतं, आणि नंतर वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरचा आहे. डाउनलोड अगदी लहान, 8 जीबीच्या लॅपटॉपवर धावतं. कमतरता एकच, सोबत वाद्यांचे आवाज फारसे येत नाहीत, ते आपण जमवायचे. मॅक असता तर गॅरेजबँड म्हटलं असतं, ते फुकट आहे आणि आवाजांनी भरलेलं आहे.

लोकलप्रवासी

कीबोर्डबरोबर एबलटन लाइव्ह लाइट मिळतं असं ऐकलंय. ते चालेल का?

गच्चीवरचा_स्टुडिओ

चालेल. बऱ्याच कीबोर्डच्या खोक्यात त्याचा कोड असतो, नोंदणी केली की मिळतं. ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा आहे, पण एका अभंगाला पुरेल. खोकं फेकू नका, एवढंच लक्षात ठेवा.

बिनधास्त_बोरिवली

एवढं कशाला? सगळी सॉफ्टवेअर क्रॅक करून मिळतात. लिंक देऊ?

रात्रपाळी

कृपया नको. एक तर ते दुसऱ्याच्या कष्टाचं आहे, आणि आपण सगळे इथे आपलं संगीत लोकांनी चोरू नये असंच म्हणणारे आहोत. दुसरं, अशा फायलींबरोबर लॅपटॉप कुलूपबंद करणारे व्हायरस येतात. वर्षभराच्या चाली एका रात्रीत गेलेला माणूस मला माहीत आहे. फुकट आणि सरळमार्गी इतकं काही उपलब्ध आहे की गरजच नाही. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे सिंथेसायझर घ्या. वेव्हफॉर्म फ्री हे पूर्ण सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवाल्यांना आर्डर आहे.

बिनधास्त_बोरिवली

ठीक आहे, पटलं. लिंक देत नाही. सर्ज उतरवून बघतो.

दादरकर_काकू

मी भावगीतं गाते आणि मुलाने मला रीपर लावून दिलंय. एक प्रश्न आहे. पट्टी दाबली की आवाज थोडा उशिराने येतो. त्या उशिरामुळे लय सांभाळताच येत नाही. लॅपटॉप जुना आहे म्हणून का?

रात्रपाळी

काकू, लॅपटॉपचा दोष बहुधा नाही. दोन गोष्टी तपासा. ब्लूटूथ हेडफोन लावलाय का? लावला असेल तर आधी तो काढा. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, त्यावर ताल सांभाळणं कुणालाच शक्य नाही. वायरचा हेडफोन लावा.

दुसरं, विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर संगीतासाठी संथ असतो. एएसआयओ नावाचा, आवाज झटपट पोचवणारा ड्रायव्हर लागतो. ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतलात तर त्याचा स्वतःचा मिळतो, नसेल तर एएसआयओफोरऑल नावाचा फुकट आहे. मग सेटिंगमध्ये बफरचा, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून मग वाजवायचे त्याचा, आकडा दिसेल. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दराला 1024 बफर म्हणजे 23 मिलिसेकंदांचा उशीर, 512 म्हणजे साधारण 12, 128 म्हणजे जेमतेम 3. वर तारांचा आणि यंत्राचा थोडा अधिक. वाजवून रेकॉर्ड करताना 128 ठेवा. सगळे ट्रॅक चढल्यावर लॅपटॉप कटकट आवाज करायला लागला की 1024 करा, तेव्हा आपण वाजवत नसतो, नुसतं मिसळत असतो. कल्पना यावी म्हणून सांगतो, हवेतून आवाज 3 मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो. बैठकीत पखवाजी तुमच्यापासून तीन मीटरवर बसला तर 9 मिलिसेकंद तिथेही जातातच.

दादरकर_काकू

ब्लूटूथच होता! वायरचा लावला आणि काय फरक पडला. देव तुमचं भलं करो.

पखवाजी_भांडुप

मी वाचत होतो, आता बोलतो. मंडळातला पखवाज सोडून मशीनचा ताल लावायची जी पद्धत पडलीय त्याचं मला दुःख आहे. आमच्या भागात दोन-तीन मंडळं होती जी हरिपाठाला पखवाजी बोलवायची. आता पेनड्राइव्ह लावतात. पेनड्राइव्हला गायकाने ओळ लांबवली तर थांबता येतं का? अभंग रंगला की लय आपोआप चढते, ती कुठून आणणार? धागाकर्ते, चाल बांधायला मशीन वापरा, पण मंडळात वाजवायला माणूस ठेवा.

पेटीवाला_डोंबिवली

पखवाजी, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मंडळात पखवाज माणूसच वाजवणार, त्यात बदल नाही. मला फक्त चाल नीट मांडून दाखवायचीय, म्हणजे सगळ्यांना घरी ऐकून बसवता येईल. पण मग घरच्या कामापुरता पखवाज कसा आणू? जे तयार आवाज मिळाले ते सगळे तबल्याचे आहेत.

पखवाजी_भांडुप

पखवाजाचे चांगले तयार आवाज मलाही सापडले नाहीत. डाव्या अंगाला कणीक लावल्यावर जो गोल, जमिनीतून आल्यासारखा ‘धा’ येतो तो कुठल्याच डब्यात नाही. तुमचा पखवाजी असेल त्यालाच घरी बोलवा आणि एक एक बोल सुटा वाजवून घ्या.

रात्रपाळी

पखवाजींनी जे सांगितलं तेच करा, उत्तम उपाय आहे. रीपरसोबत रीसॅम्पलोमॅटिक 5000 नावाचा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज पट्ट्यांवर बसवणारं साधन) येतो, फुकट. प्रत्येक बोल हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा वाजवून घ्या, आणि प्रत्येकाचे चार-पाच नमुने ठेवा. एकच नमुना पुन्हा पुन्हा आला की कान लगेच ओळखतो. बोल वाजल्यावर आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मगच दुसरा.

तबल्याबद्दलही एक सांगतो, कारण इथे बरेच जण तबला लावतात. ‘धा’चा वेगळा नमुना घेऊ नका. ‘ना’ एका पॅडवर, डग्ग्याचा ‘गे’ दुसऱ्या पॅडवर, आणि दोन्ही एकदम वाजवा. आणि डग्गा वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या चॅनलवर ठेवा. कारण पिच बेंडचं चाक अख्ख्या चॅनलवर चालतं. डग्ग्याला मनगटाने घिस्सा देतात तसा स्वर वर न्यायचा असेल तर चाक फिरवायचं, पण चाट (तबल्याच्या कडेवरचा ‘ना’) त्याच चॅनलवर असेल तर तीही बेसूर होऊन बसते.

शेवटचं म्हणजे क्वांटाइझ. सगळे ठोके घड्याळावर नेऊन बसवायचं बटण आहे ते. पूर्ण शंभर टक्के कधीच करू नका, पखवाजींना जे दुःख आहे ते तिथूनच सुरू होतं. पन्नास-साठ टक्के ठेवा, म्हणजे ढळलेला ठोका सावरतो आणि हाताची चाल शिल्लक राहते. सॉफ्टवेअर उघडलं की 4/4 ठेवलेलं असतं. केरव्याला ते चालतं, दादऱ्याला 6/8 करा, रूपक असेल तर 7/4. नाहीतर सम कुठे आली हे पडद्यावर शोधत बसाल.

पखवाजी_भांडुप

टाळ घेताना माइक लांब ठेवा, हातभर तरी. जवळ ठेवला की फुटतो.

सप्तक

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मिडी कीबोर्डचा गांधार मला टोचतो. पाश्चात्त्य समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गांधार षड्जापासून 400 सेंटवर असतो (एका अर्धस्वराचे 100 सेंट). तानपुऱ्यातून जो आपोआप ऐकू येतो तो 386 वर. चौदा सेंट चढा. तानपुरा लावून त्यावर कीबोर्डचा गांधार धरून ठेवा, कानाला लगेच कळेल. पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटी बंद केली ती 1971 पर्यंत. आता पेटीची अडचण पुन्हा कीबोर्डमध्ये नको.

काळी_पाच

आकाशवाणीचा आक्षेप गांधारापुरता नव्हता, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणं) आणि श्रुतींचाही (स्वरांमधल्या बारीक अंतरांचा) होता. आणि आजच्या बहुतेक पेट्या समान अंतराच्याच मिळतात, तरी लोक त्यावर सुंदर साथ करतात. अभंगाच्या चालीला एवढं बारीक बघायची गरज आहे का?

सप्तक

अभंग आहे म्हणून चालून जातं, हे मला मान्य नाही. भैरवीचा अभंग घ्या, कोमल ऋषभ चढा लागला की ती भैरवीच राहत नाही. ज्याला ऐकू येतं त्याला ते ऐकू येणारच.

रात्रपाळी

दोघांचंही समाधान होईल असा मार्ग आहे. सर्ज एक्सटीमध्ये सप्तकाची फाइल भरता येते, स्काला पद्धतीची. त्यात प्रत्येक स्वर किती सेंटवर हवा ते लिहायचं, मग पूर्ण सिंथेसायझर तसा लागतो. तानपुरा आणि सूर धरायला उत्तम.

जे आवाज ही फाइल घेत नाहीत, तिथे पिच बेंड. नेहमी त्याची मर्यादा दोन अर्धस्वर, म्हणजे 200 सेंट असते. चौदा सेंट उतरवायचे म्हणजे चाक सात टक्के खाली. हाताने ते जमत नाही, पण पडद्यावर पेन्सिलने काढता येतं. आणि मींड हवी असेल तर वाद्याच्या सेटिंगमध्ये मर्यादा बारा अर्धस्वर करा, मग सा ते प अशी सलग ओढ मिळते. एकावेळी एकच स्वर वाजणाऱ्या वाद्याला हे छान लागू पडतं. दोन स्वर एकत्र असले तर दोन्ही हलतात. प्रत्येक स्वर स्वतंत्र वाकवता यावा म्हणून 2018 मध्ये एमपीई नावाचा विस्तार आला, त्यात प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनल मिळतो. पण त्याचे कीबोर्ड महाग आहेत, आत्ता तिकडे वळू नका.

दादरकर_काकू

हे सगळं ठीक, पण गाणं कधी रेकॉर्ड करायचं? आमच्याकडे खिडकीत कावळे, खाली बसचा हॉर्न, वर मिक्सर. माइकमध्ये सगळी दादर येते.

गच्चीवरचा_स्टुडिओ

काकू, कंडेन्सर माइक घेतलात का? तो खोलीतलं सगळं टिपतो आणि त्याला इंटरफेसमधून 48 व्होल्टचा पुरवठाही लागतो. आपल्या घरांना डायनॅमिक माइक बरा. तोंडाजवळ धरायचा, लांबचं तो फारसं घेत नाही. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून गा, मागे दोरीवर दोन गोधड्या टाका. पंखा बंद. रुळांजवळ राहणाऱ्यांनी 80-100 हर्ट्झच्या खालचं काढून टाकणारा फिल्टर लावावा, गाडीची घरघर बरीचशी त्यात जाते. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसतं, त्यामुळे चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूं असा आवाज येतो. रेकॉर्ड करेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आणि आता पावसाळा आहे, कंडेन्सर असेल तर वापरून झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात.

रात्रपाळी

शेवटची लोकल गेल्यावर रेकॉर्ड करणं हाही एक मार्ग आहे. माझं हे नाव त्यावरूनच.

कॉलेज_कट्टा

काकूंची भावगीतं आणि धागाकर्त्यांचे अभंग यूट्यूबवर टाकले तर कॉपीराइटचं काय? माझ्या एका व्हिडिओवर दावा आला होता.

काळी_पाच

संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर स्वतःची चाल लावली तर काही अडचण नाही. पण कुणा संगीतकाराची चाल असेल तर ती वेगळी गोष्ट. आपल्याकडच्या 1957च्या कायद्याप्रमाणे कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून 60 वर्षं. त्यामुळे गाजलेला अभंग ‘पारंपरिक’ म्हणून टाकायच्या आधी चाल खरंच पारंपरिक आहे का ते बघायचं. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) वापरत असाल तर तोच लूप इतरांनीही वापरलेला असतो, त्यावरूनही दावे येतात. स्वतः वाजवलेलं बरं.

पेटीवाला_डोंबिवली

मंडळी, काल धोबी तलावाला जाऊन आलो. 49 पट्ट्यांचा, पॅड असलेला कीबोर्ड घेतला. सप्तक ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळे अलंकार वाजवून बघितले, दुकानातल्या माणसाने खुर्ची दिली. वायरचा हेडफोन घेतला. इंटरफेस आणि डायनॅमिक माइक पुढच्या पगाराला. घरी रीपर टाकलं, वेलॉसिटी फिक्स्ड केली, चाकाला 11 लावलं. व्हायोलिनवर माझ्या चालीची पहिली ओळ वाजवली आणि डावा हात आपोआप चालू लागला. बायको आतून बाहेर येऊन विचारत होती, कोण वाजवतंय. खूप खूप धन्यवाद, रात्रपाळी.

आमचे पखवाजी रविवारी येणार आहेत बोल रेकॉर्ड करून द्यायला, तोवर मित्राचा माइक आणतोय.

आता नवी अडचण. चाल मी काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून, बांधलीय. पण मंडळातल्या महिला म्हणतात आम्हाला काळी चारच हवी. सगळं पुन्हा वाजवू का?

सप्तक

अभिनंदन! आणि पुन्हा वाजवायची गरज नाही, हाच तर मिडीचा फायदा. काळी एक ते काळी चार म्हणजे सात अर्धस्वर. सगळे स्वर निवडून सात वर न्यायचे.

रात्रपाळी

सगळे नव्हे! पखवाजाच्या ट्रॅकला हात लावू नका. तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळा बोल बसवलेला असतो, सात घरं वर सरकवलं तर ‘धा’च्या जागी भलताच बोल येईल किंवा काहीच वाजणार नाही. टाळाचंही तेच. सुरांची वाद्यं तेवढी हलवा. बासरीच्या काही संचांत वाजवण्याची पद्धत बदलणाऱ्या पट्ट्या अगदी खालच्या सप्तकात ठेवलेल्या असतात, त्याही निवडीतून वगळा. सात वर नेल्यावर व्हायोलिन चिरकं वाटलं तर तेवढं वाद्य सातऐवजी पाच खाली आणा, सूर तोच राहतो, सप्तक खालचं येतं. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग वापरलं असेल तर काळी चारचं नव्याने घ्या, ओढूनताणून चढवू नका. आणि पखवाज रविवारी रेकॉर्ड करणारच आहात, तर त्यांना आधीच कळवा. काळी चारला लावून आणायला सांगा.

पखवाजी_भांडुप

काळी चारला पखवाज चढवायचा तर लहान तोंडाचा लागेल, मोठ्या तोंडाचा एवढा चढत नाही. नसेल त्यांच्याकडे तर मला निरोप करा. माझ्याकडे आहे, भांडुपहून डोंबिवलीला घेऊन येतो.